नाक की फणा?

दहावीची परीक्षा तोंडावर आली, की ओळखीतल्या कुठल्या ना कुठल्या घरून फोन येतो. "उपमा आणि उत्प्रेक्षा यांत नक्की फरक काय हो? 'जणू' आलं की उत्प्रेक्षा, एवढंच ना?" विचारणारी आई असते. मुलगा मागून "अगं तसंच आहे, सरांनी सांगितलंय" असं ओरडत असतो. हो म्हणावं तर ते पुरतं खरं नाही, नाही म्हणावं तर पुढचा अर्धा तास जातो. मी बहुधा "घरी या" म्हणून सुटका करून घेतो. हे प्रकरण म्हणजे तो टाळलेला अर्धा तास.

१. दगड एक, नावं दोन

खंडाळ्याचा घाट चढताना एक सुळका दिसतो. डोंगराच्या टोकाशी पुढे झुकलेला, वर अणकुचीदार. इंग्रजांनी त्याचं नाव ठेवलं ड्यूक्स नोज, म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक. हा ड्यूक आपल्याला अगदीच परका नाही. १८०३ साली असईला, आजच्या जालना जिल्ह्यात, मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. पुढे १८१५मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. त्याचं नाक इतकं बाकदार आणि नजरेत भरणारं होतं, की व्यंगचित्रकारांचं आयतंच फावलं. त्याचे स्वतःचे सैनिकसुद्धा त्याला पाठीमागे नाकावरूनच ओळखायचे.

खालच्या गावांतल्या माणसांनी ड्यूक पाहिला नव्हता, नाग मात्र पाहिले होते. ते त्या सुळक्याला नागफणी म्हणतात.

अलंकारांबद्दल सांगण्यासारखं जे काही आहे, त्यातलं बरंचसं या दोन नावांत आलं. समोर काहीतरी अवाढव्य, अनोळखी उभं असतं. आपण ते आपल्या ओळखीच्या एखाद्या वस्तूशेजारी नेऊन ठेवतो आणि मग ते आपल्याला दिसू लागतं. 'उपमा' या शब्दाची फोडही तीच आहे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'मा' म्हणजे मोजणं. जवळ ठेवून मोजणं. वाणी एका पारड्यात किलोचं वजन ठेवतो आणि दुसऱ्यात तूरडाळ ओततो, तसंच. फरक इतकाच, की वजनं ज्याची त्याने घरून आणायची असतात. इंग्रजाच्या पिशवीत नाक होतं, गावकऱ्याच्या पिशवीत फणा.

'अलंकार' या शब्दाने मात्र आपली थोडी दिशाभूल केली आहे. दागिना म्हटलं की तो काढून डबीत ठेवता येतो, अंगाला काही होत नाही, असं वाटतं. पण नागफणीतून फणा काढून बघा. हातात नावच उरत नाही.

२. चार भाग, आणि त्यांतला एक गाळला तर

'तव्यावरची भाकरी फुग्यासारखी टम्म फुगली.' या साध्या वाक्यात उपमेचे चारही भाग आहेत. ज्याच्याबद्दल आपण बोलतोय ते उपमेय, म्हणजे भाकरी. जे आणून शेजारी ठेवलं ते उपमान, म्हणजे फुगा. दोघांत समान काय? टम्म फुगणं, हा साधारण धर्म. आणि 'सारखी' हा साम्यवाचक शब्द. चारही हजर असले की ती पूर्णोपमा.

बोलताना आपण इतके काटेकोर कुठे असतो? त्यातलं एखाददुसरं सहज गाळतो. मग ती लुप्तोपमा. सर्वांत जोखमीचं गाळणं म्हणजे साधारण धर्माचं. 'तू अगदी बैलासारखा आहेस.' यात बैलाचं काय घ्यायचं, हे सांगितलेलंच नाही. वर्गात मास्तर म्हणाले तर मुलगा मान खाली घालतो. पोळ्याच्या दिवशी शेतकरी बाप आपल्या राबणाऱ्या पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, तर पोराची छाती फुगते. गाळलेला शब्द ऐकणारा आपल्या आयुष्यातून भरतो.

३. 'सारखा'चा सापळा

'बाळ सारखं रडतंय.' इथे 'सारखं' आहे, पण उपमा औषधालाही नाही. हे 'सारखं' म्हणजे सतत. हसू नका, घाईत या शब्दाखाली रेघ मारून मोकळी झालेली मुलं मी पाहिली आहेत.

दुसरा सापळा जरा सूक्ष्म. 'माझं पेन तुझ्या पेनासारखंच आहे.' दोन वस्तू आहेत, तुलना आहे, 'सारखं'ही आहे. तरी हा अलंकार नाही, कारण पेन पेनासारखं असण्यात नवल ते काय? दोन वस्तूंच्या जातीच वेगळ्या असाव्यात आणि तरीही त्यांच्यात काहीतरी जुळावं, तेव्हाच मनाला छोटासा धक्का बसतो. जुने लोक या धक्क्याला चमत्कृती म्हणत.

यासाठी शास्त्रात एक ठरलेलं जनावर आहे: गवय. हा रानबैलासारखा प्राणी. न्यायदर्शनातली गोष्ट अशी, की शहरातल्या एकाला कुणीतरी सांगतं, गवय गाईसारखा दिसतो. तो पुढे रानात जातो, तसा प्राणी बघतो आणि ओळखतो, की हाच तो. साम्यावरून ज्ञान झालं. नैयायिकांनी या साम्यज्ञानाला प्रमाणांत जागा दिली आणि नावही दिलं 'उपमान'च. पण काव्यशास्त्रवाले म्हणाले, माहिती मिळाली हे ठीक, मौज कुठे आहे? 'गाईसारखा गवय' ही त्यांच्या लेखी नुसती ओळखपरेड. परीक्षेत अडलात तर हा गवय आठवा. वाक्य फक्त माहिती देतंय की काही दाखवतंय?

४. मग 'जणू'चं काय?

आता मूळ प्रश्नाकडे. ही दोन वाक्यं बघा.

पहिलं: 'जुनं दार म्हाताऱ्यासारखं कण्हलं.'
दुसरं: 'जुनं दार करकरलं, जणू पाहुणे आल्याची वर्दीच द्यायला.'

पहिल्यात दार आणि म्हातारा शेजारी उभे आहेत. दोघांच्या मध्ये 'सारखं' नावाचं कुंपण आहे आणि बोलणाऱ्याला ते पुरतं ठाऊक आहे. कण्हणारे म्हातारे जगात असतातही. दुसऱ्यात बोलणारा दाराच्या मनात शिरला. बिजागरीला तेल नाही म्हणून दार करकरतं, हे त्याला कळतं. तरी ते बाजूला सारून तो आपल्या पदरचं कारण देतो. कारण खोटं आहे हे त्यालाही माहीत, आपल्यालाही माहीत. दोघांनी मिळून घटकाभर खरं धरायचं. लहान मुलं भातुकलीत रिकाम्या कपातून चहा पितात, तशातली ही गोष्ट. हीच उत्प्रेक्षा.

हाताशी ठेवण्याजोगी एक युक्ती सांगतो. 'जणू' काढून त्या जागी 'सारखा' घालून पाहा. दुसऱ्या वाक्यात तो बसतच नाही. एखाद्या घटनेला कल्पनेतलं कारण किंवा हेतू चिकटवणं उपमेला जमत नाही. उत्प्रेक्षेचा तो हातखंडा. उलट 'जणू' शब्द अजिबात नसतानाही उत्प्रेक्षा असू शकते: 'पोरं परीक्षेला निघालेली बघून पावसालाही वाटलं, आपणही निघावं.' इथे 'वाटलं'ने काम केलं. गमे, वाटे, भासे, की, हे सगळे 'जणू'चेच भाऊबंद.

आणि मुलांनो, गोंधळ होतो म्हणून खट्टू होऊ नका. संस्कृतात 'इव' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, त्यामुळे तिथेही हाच गोंधळ होता. ७व्या-८व्या शतकाच्या सुमारास दंडीने 'काव्यादर्शा'त अंधाराविषयीचं एक वाक्य घेऊन यावर चांगला लांबलचक वाद घातला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की उपमान व्हायला एखादी वस्तू लागते. क्रियापद उपमान होऊ शकत नाही. म्हणून क्रियापदाला 'इव' लागलेला दिसला, तर तिथे तुलना शोधू नका, कल्पना शोधा. 'इव दिसलं की उपमा' म्हणणारे विद्यार्थी दंडीच्या काळीही असणारच. नाहीतर त्याने एवढी शाई खर्च केली नसती.

५. एकच नटी, किती भूमिका

भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार मोजून चार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. १६व्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'पर्यंत येता येता ते शंभराच्या वर गेले. आकडा ऐकून छाती दडपते. पण याच दीक्षितांनी 'चित्रमीमांसे'त दिलासाही दिला आहे: काव्याच्या रंगभूमीवर उपमा ही एकटीच नटी वेगवेगळ्या भूमिका घेऊन नाचते. वेष बदलतो, बाई तीच. मला अलंकार कळायला लागले ते या एका कल्पनेमुळे. त्याआधी मी नुसत्या याद्या पाठ करत होतो.

आपण आपला सुळका घेऊन नटीला वेष बदलताना बघू. लक्ष एकाच गोष्टीवर ठेवा: सुळका आणि फणा यांच्यातलं अंतर.

सुळका नागाच्या फण्यासारखा दिसतो, म्हणालो तर उपमा. दोघं शेजारी, मध्ये कुंपण. सुळका असा झुकलाय, जणू घाटातल्या गाड्यांवर फणाच उगारलाय, ही उत्प्रेक्षा. कुंपण आहे, पण आपण त्यावर चढून बसलोय. हा सुळका म्हणजे सह्याद्रीचा फणा, इथे कुंपण पडलं. दोघं एक झाले, तरी दोघांची नावं अजून ऐकू येतात. हे रूपक.

आता मन डळमळू द्या. हे नाक म्हणावं की फणा? उत्तर न देता तसंच सोडलं तर ससंदेह. या प्रकरणाचं नाव त्यातलंच. धुकं उतरलं, एक वानर सुळक्याकडे बघून खरोखरच दचकून मागे उडालं. त्याला शंकाही आली नाही, सरळ चूकच झाली. तो भ्रांतिमान. (ससंदेहात माणूस अडखळतो, भ्रांतिमानात फसतो. इतकंच.) आणि कुणी ठासून म्हणालं, 'छे, हा सुळका नव्हेच, हा फणा आहे,' तर ती अपन्हुती. अपन्हुती म्हणजे लपवणं. खरी वस्तू समोर असताना ती नाकारायची.

शेवटची पायरी अशी, की सुळक्याचं नावच घ्यायचं नाही. 'खंडाळ्याच्या घाटात एक नाग केव्हापासूनचा फणा काढून बसलाय.' उपमेय कुठे गेलं? उपमानाने गिळलं. शास्त्रातला शब्दही 'निगरण' असाच आहे, म्हणजे गिळणं. अतिशयोक्तीचा हा पहिला प्रकार. आपण शाळेत अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं एवढंच शिकतो. 'तुला हजारदा सांगितलं' ही आईची अतिशयोक्ती त्यातली. तीही बरोबर आहे. पण गिळणारी अतिशयोक्ती जास्त रंगतदार.

दोन वेष राहिले. 'नागाचा फणा घटकाभराचा, हा मात्र पावसाळ्यामागून पावसाळे खाली झाला नाही.' इथे उपमेयाने उपमानावर कुरघोडी केली, हा व्यतिरेक. आणि सगळी वजनं वापरून थकलेला माणूस जेव्हा म्हणतो, 'नागफणी ती नागफणीच,' तेव्हा तो अनन्वय. तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकच वस्तू.

६. वाक्याशेजारी वाक्य

दही विरजायला दूध कोमट लागतं. उकळत्या दुधात विरजण घातलं तर दूधही जातं आणि विरजणही. भांडण ऐन रंगात असताना समजूत घालायला जाऊ नये.

या दोन गोष्टी मी नुसत्या शेजारी ठेवल्या. 'तसंच' किंवा 'त्याप्रमाणे' म्हटलं नाही. तरी तुम्ही पूल बांधलात. याला दृष्टांत म्हणतात, आणि मराठी गद्याचं बाळसं या दृष्टांतांवर वाढलेलं आहे. चक्रधरस्वामींनी शिष्यांना सांगितलेले दृष्टांत केशिराजबासांनी 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले. ते ११४ आहेत. प्रत्येकाची मांडणी ठरलेली: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीचा कुठला भाग सिद्धांताच्या कुठल्या भागाला लागतो याचा हिशेब. तत्त्वज्ञान सांगायचं, पण ते गावातल्या माणसाला कळेल अशा गोष्टीतून. पुस्तकातल्या उदाहरणांचे कंटाळवाणे ढीग बघितले, की मला ही शिस्त आठवते.

रूपकही असं लांबवता येतं. मग त्याला सांगरूपक म्हणतात, सगळ्या अंगांसकट आलेलं रूपक. एकनाथांच्या भारुडातला विंचू आठवा. तो काम-क्रोधाचा विंचू, त्याची वेदनाही तसली आणि उतारही तसलाच. सांगरूपक करायला सोपं वाटतं, पण एक अंग निसटलं की सगळं लंगडतं. मी एकदा प्रयत्न केला होता: कचेरी म्हणजे पंगत. साहेब यजमान, हेडक्लार्क वाढपी, महागाई भत्ता पानातलं लिंबू, आणि आग्रह मात्र कामाचा. इथवर बरं चाललं होतं. मग कुणीतरी विचारलं, "दक्षिणा कुठाय?" आणि माझं रूपक तिथंच गप्प बसलं. निदान टेबलाखाली पाहायची तरी माझी तयारी नव्हती.

७. कानाचे अलंकार, थोडक्यात

आतापर्यंतचे सगळे अर्थाचे अलंकार होते. शब्दांचे वेगळे, आणि ते ओळखायची शास्त्रातली कसोटी सुरेख आहे: शब्द बदला, अर्थ तोच ठेवा, अलंकार मोडला तर तो शब्दालंकार. 'मार्च उजाडला आणि करदात्याने दोन्ही कर जोडले.' 'कर'च्या जागी 'हात' घाला. वाक्य शाबूत, गंमत गेली. हा श्लेष. 'सुधाकर चहा' हे कुणाचं नाव आहे की कुणाला दिलेला हुकूम, ते सुधाच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागेल. शब्द फोडून होणारा तो सभंग श्लेष. 'टपोरे थेंब पत्र्यावर टपटप टपकत होते' हा अनुप्रास. यमक तर आपल्याकडे इतकं मानाचं, की वामन पंडितांना 'यमक्या वामन' हे नावच पडलं. मोरोपंतांनी तर ओठ टेकवावे लागतील अशी अक्षरंच टाळून 'निरोष्ठ रामायण' रचलं. कसरत म्हणून दाद द्यावी. मला मात्र रामकथेत 'राम' म्हणता येऊ नये हे जरा जाचतं.

८. गिळून पचलेल्या उपमा

साड्यांच्या दुकानात एकदा कान देऊन बसा. "ताई, ही आमसुली बघा. त्यात डाळिंबी पण आहे, अंजिरी आहे. मोरपंखी काढू? नाहीतर ही शेवाळी, हिला पोपटी काठ." दुकानदार ठाणावर ठाण उलगडतोय आणि प्रत्येक शब्दात एकेक लुप्तोपमा सोडतोय: पोपटासारखा, शेवाळासारखा, आमसुलासारखा. कुणालाही चमत्कृतीचा धक्का बसत नाही. उपमा गिळली गेली, पचली आणि रंगाचं नाव झाली.

भाषेत सगळीकडे हेच झालेलं आहे. करवतीला दात आहेत, डोंगराला सोंड आहे, घड्याळाला काटे आहेत. ऊस लावणारा शेतकरी दोन डोळ्यांची टिपरी तोडतो आणि त्याला तो डोळा आपल्याकडे बघतोय असं कधी वाटत नाही. तिथून कोंब फुटणार, एवढंच तो बघतो. मोबाइलची बॅटरी 'मरते', नेट 'मेलेलं' असतं. १९८०मध्ये जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अमेरिकनांनी एक पुस्तक लिहून दाखवलं, की असली रूपकं बोलण्यात चुकून सांडलेली नसतात, आपण विचारच त्यांच्या आधारे करतो. वेळ पैशासारखा आहे असं मानल्यावर तो वाचवायचा, घालवायचा, खर्चायचा, हे ओघाने आलंच. मराठीतही आपण वेळ 'काढतो', 'मारतो' आणि दुसऱ्याचा 'खातो'. वेळ खाणं मला यांत सर्वांत आवडतं.

पचलेली उपमा कधीकधी पुन्हा जिवंतही होते. राजगडाच्या सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोक आहे. त्याला नेढं म्हणतात. रतनगडाच्या माथ्यावरही एक आहे. डोंगर चढणारी शहरातली पोरं 'नेढ्यात बसून फोटो' म्हणतात आणि त्यांच्या लेखी नेढं म्हणजे किल्ल्यावरचं भोक, बस. एका मुलाला मी नेढ्यात बसलेला असताना विचारलं, नेढं आणखी कुठे असतं? त्याला माहीत नव्हतं. खिशात सुई कुठून असणार, म्हणून बुटाची नाडी दाखवली, भोकातून ओवून दाखवली आणि सांगितलं, सुईला असतं ते. त्याच वेळी वारा त्या भोकातून शिटी घालत गेला. पोरगा वर बघून म्हणाला, "म्हणजे हा दोरा?"

मी पुढे काही शिकवायला गेलो नाही. रूपक त्याचं त्याने केलं होतं.

९. स्टेशन येतं कुठून?

राहता राहिली एक गोष्ट, जी अलंकारांच्या यादीत नसते पण दिवसभर आपल्या तोंडी असते. गवय गाईसारखा असतो, तसा इथे कुणी कुणासारखाही नसतो. रस्त्यावर आपण "ए रिक्षा!" म्हणून हाक मारतो, आणि थांबतो रिक्षावाला. हॉटेलातला पोऱ्या ओरडतो, "चार नंबर बिल मागतोय." लग्नात आचारी विचारतो, "किती पानं होतील?" आणि त्याला केळीची पानं मोजायची नसतात. 'ताट संपव' म्हटल्यावर कुठलंही मूल स्टील चावायला घेत नाही.

इथे साम्य नाही, सोबत आहे. रिक्षा आणि तिचा चालक, पान आणि त्यावर जेवणारा. एकाचं नाव घेतलं की शेजारचा ओ देतो. शब्दाचा सरळ अर्थ जुळेना म्हणून मन पलीकडच्या अर्थावर उडी मारतं, तिला लक्षणा म्हणतात. तिचं जुनं ठेवणीतलं उदाहरण म्हणजे गंगेवरचं खेडं. प्रवाहावर खेडं कसं असेल? म्हणजे काठावरचं. पंडितांनी शतकानुशतकं ते एक खेडं चघळलं. आपल्याकडे तेच काम लोकलमधला कुणीही करतो: "उठा, ठाणं आलं." ठाणं जागचं हललेलं नसतं.

मागच्या महिन्यात पुण्याहून मुंबईला जात होतो. घाट लागला तशी शेजारची आजी पेंगणाऱ्या नातवाला कोपराने ढोसत म्हणाली, "ए, ऊठ, नागफणी आली." त्याने एक डोळा उघडला, खिडकीतून बघितलं, आणि परत तिच्या खांद्यावर डोकं टाकलं.